एकाच सागाच्या पट्ट्या, तरी रंग एकसारखे का नाहीत?

विचारणा थोडक्यात अशी: ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर घर. हॉल आणि एक बेडरूम मिळून ४८० चौरस फुटांत सागवानी वुडन फ्लोरिंग करायचं आहे. त्यासाठी ४ इंच रुंद, ३ फूट लांब आणि १८ मिलिमीटर जाडीच्या कच्च्या, म्हणजे पॉलिश न केलेल्या पट्ट्या मागवल्या. दुकानात दाखवलेला तुकडा सोनेरी आणि एकसारखा होता. घरी माल उघडला तर काही पट्ट्या पिवळसर, काही गडद तपकिरी, काहींवर काळ्या रेघा, काही चक्क हिरवट आणि काहींच्या कडेला पांढरा पट्टा. वडील म्हणतात, "गावच्या घराचं सागवान असं कधी नव्हतं, ही भेसळ आहे." कंत्राटदार म्हणतो, "नॅचरल आहे साहेब." माल परत पाठवावा का?

आधी वडिलांना सांगा की त्यांची शंका वाजवी आहे. लाकडाच्या धंद्यात 'साग' या शब्दाइतका ताणलेला दुसरा शब्द नाही. माझ्या वडिलांची ठाण्यात लाकडाची वखार होती आणि मी स्वतः सत्तावीस वर्षं फ्लोरिंगच करतोय. 'नॅचरल आहे' हे वाक्य मीही शेकडो वेळा गिऱ्हाइकाच्या तोंडावर टाकलंय. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण ज्याला समजावून सांगायचा कंटाळा आलाय तो ते वापरतो आणि ज्याला काही लपवायचंय तोही तेच वापरतो, म्हणून गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास उरलेला नाही.

तेव्हा भेसळीचा प्रश्न पहिल्यांदा मिटवू. गडद, फिकट, हिरवट आणि काळ्या रेघांची अशा चार पट्ट्या निवडा. पट्टीचा वरचा चेहरा बघू नका, तो फसवतो. जिथे लांबी संपते ते आडवं तोंड बघा. तिथे धारदार पटाशीने किंवा नव्या ब्लेडने एक पातळ पापुद्रा काढा, ओलं बोट फिरवा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून धरा. सागात बारीक भोकांची माळ दिसते. मोठ्या भोकांची एक ओळ, मग हळूहळू बारीक होत जाणारी भोकं, मग पुन्हा मोठ्यांची ओळ. झाडाने दर मोसमात घातलेलं एकेक वलय तुम्ही बघताय. आता तोच ताजा काप नाकाशी धरा. जुन्या चामड्यासारखा, चपलांच्या दुकानात येतो तसा वास येईल आणि बोटाला किंचित मेणचटपणा लागेल. 'आफ्रिकन टीक' म्हणून जे इरोको विकलं जातं त्यात भोकांची अशी ओळ नसते, ती सगळीकडे सारखी विखुरलेली असतात आणि तो चामड्याचा वासही नसतो. 'ब्राझिलियन टीक' म्हणजे कुमारू. नावात टीक असलं तरी सागाशी या दोघांचं काही नातं नाही. लाकडं म्हणून ती वाईट नाहीत, फक्त सागाच्या भावाने घेऊ नयेत.

तुमच्या वर्णनावरून मला चारही पट्ट्या साग निघतील असं वाटतं. हिरवटपणा आणि काळ्या रेघा ही उलट सागाचीच लक्षणं आहेत. मग फरक कुठून आला?

हापूसची पेटी आठवा. एकाच बागेतल्या एकाच झाडाचे आंबे, तरी एकावर लाली, दुसरा नुसता पिवळा, तिसऱ्याच्या देठाशी हिरवट छटा. त्याला आपण भेसळ म्हणत नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र आपली नजर गेल्या काही वर्षांत टाइल्सनी आणि लॅमिनेटनी बिघडवली आहे. लॅमिनेटवर लाकडाचा फोटो छापलेला असतो. मोजक्या पट्ट्यांचे फोटो पुन्हा पुन्हा येतात, नीट शोधलंत तर तीच गाठ हॉलमध्ये पाच ठिकाणी सापडेल. तुमची प्रत्येक पट्टी बरोबर १ चौरस फुटाची आहे, म्हणजे घरात अंदाजे ४८० वेगवेगळ्या पट्ट्या लागणार. त्या किती झाडांतून आल्यात कुणास ठाऊक. दुकानदाराने दाखवलेला तळहाताएवढा तुकडा त्यातल्या एका पट्टीचा एक कोपरा. आणि दुकानात ठेवायला तो तुकडा निवडताना त्याने डोळे मिटून निवडला नसणार!

झाड कुठे वाढलं याचा रंगावर मोठा परिणाम होतो. वखारीत 'सीपी' म्हणतात ते जुन्या मध्य प्रांताचं, म्हणजे आपल्या चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यातलं आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातलं सागवान. कोरडं हवामान, सावकाश वाढ, गडद रंग, दाट रेषा आणि बऱ्याचदा लाटांसारखी नक्षी. बल्लारपूरच्या डेपोतला हा माल अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, तेव्हापासून गिऱ्हाईकही नाव घेऊन मागायला लागलंय. आदिलाबादच्या सागात गुलाबी झाक असते. केरळातल्या निलंबूरचा साग सरळसोट, जाडजूड आणि सोनेरी. तिथे १८४० च्या दशकात कॉनोली नावाच्या मलबारच्या कलेक्टराने लागवड सुरू केली, त्यातला काही भाग अजून राखून ठेवलाय. या सगळ्यांचं शास्त्रीय नाव एकच, टेक्टोना ग्रँडिस. घाना, टांझानिया, इक्वेडोर, कोस्टा रिका इथल्या लागवडीतून येतो तोही टेक्टोना ग्रँडिसच, पण बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला, त्यामुळे फिकट आणि रुंद वलयांचा. आणि कुणी 'बर्मा' म्हणाला तर मी आधी विचारतो, ओंडका की फाडलेला माल? म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे. त्यानंतरचा 'बर्माचा ओंडका' असेल तर त्याची कागदपत्रं मागून बघा.

पण इतकं लांब जायचीही गरज नाही. पावसाळ्यात ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात गेलात तर साग फुललेला असतो, झाडाच्या शेंड्यावर पांढुरक्या फुलांचे तुरे. कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. लहानपणी आम्ही हे करून घरी रक्त आलं म्हणून सांगायचो. तिथेच बघा, कातळावर माती नसलेल्या उतारावरचा साग वाकडा, बारीक, जागोजागी फांद्या फुटलेला. पन्नास पावलांवर ओढ्याकाठी त्याच वयाचा दुसरा सरळ आणि दुप्पट जाड. (तोडायला बंदी आहे, नुसतं बघायचं.) हे दोन उद्या शेजारी शेजारी फाडले तर एकाच्या वलयात दोन मिलिमीटर अंतर, दुसऱ्याच्या वलयात आठ. एकात गाठी, दुसरा स्वच्छ. डोंगर एक, पाऊस एक, तरी पट्ट्या वेगळ्या.

झाड एकच असलं तरी ते आतून एकसारखं नसतं. अगदी मध्याजवळचं लाकूड झाड लहान असतानाचं, वलयं रुंद आणि रंग फिका. त्याच्या बाहेर पक्का गाभा, तिथे रंग, तेल आणि टिकाऊपणा. सालीलगत पांढरा भाग, ज्याला आमचे कारागीर 'सॅप' म्हणतात. त्यातून झाड जिवंतपणी पाणी वर चढवत असतं. पांढऱ्याचा गाभा होताना झाड त्यात जी द्रव्यं साठवतं, त्यांच्यामुळे सागाला रंग येतो आणि वाळवीला तो नकोसा होतो. बुंध्याकडची पट्टी आणि शेंड्याकडची पट्टी यांतही रंगाचा आणि गाठींचा फरक पडतो. तुमच्या काळ्या रेघा गाभ्यातल्या आहेत, तिथे ही द्रव्यं जास्त साठली. माझ्या मते पट्टीला त्यांच्यामुळेच चेहरा येतो. काही लोक मुद्दाम अशाच पट्ट्या निवडून घेतात, तेव्हा त्यांना बाजूला काढून फुकट घालवू नका.

आता करवत. गिऱ्हाइकांना हे कुणीच सांगत नाही आणि माझ्या अंदाजाने निम्म्या तक्रारी इथेच उगवतात.

कांदा घ्या. मधोमध उभा चिरला तर पाकळ्यांच्या कडा सरळ रेघांसारख्या दिसतात. कडेची एक पातळ चकती काढली तर गोल गोल कडी दिसतात. कांदा तोच. ओंडकाही असाच वलयांचा. गिरणीत तो सहसा एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूपर्यंत सरसकट फाडतात, पाव कापावा तसा. पहिल्या फळ्या वलयांना जवळजवळ समांतर निघतात. त्यांच्यावर डोंगरांची रांग दिसते, एकात एक बसलेली शिखरं. मधल्या फळ्या वलयांना आडव्या छेदतात, त्यांच्यावर नुसत्या सरळ उभ्या रेषा. दोन्हींच्या मधल्या फळ्यांवर तिरप्या रेषा. एका ओंडक्यातून एका दुपारी तीन 'डिझाइन'ची लाकडं बाहेर पडतात आणि पॉलिश लागलं की ती तीन जातींची वाटतात. फक्त सरळ रेषांच्या पट्ट्या हव्या असतील तर ओंडका चार फाकी करून वेगळ्या पद्धतीने फाडावा लागतो, लाकूड जास्त वाया जातं आणि भाव वाढतो. ओक या विलायती लाकडात तर अशा फाडणीत आणखी एक गंमत होते, पृष्ठभागावर चमकदार ठिपके आणि पट्टे उमटतात, वाघाच्या अंगावर असतात तसे. ते झाडाच्या मध्यातून सालीकडे जाणारे किरण आहेत. वाशीतल्या एका गिऱ्हाइकाने ते सँडपेपरने घासून काढायला सांगितले होते. घासून जाणार कसे, ते आरपार असतात.

हा फाडणीचा फरक नुसता दिसण्याचा नाही. लाकूड ओलसर झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. सागात वलयांच्या दिशेने होणारी हालचाल वलयांना काटकोनात होणाऱ्या हालचालीच्या दुपटीहून जास्त असते. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, लाकडातला ओलावा १६-१७ टक्क्यांपर्यंत चढतो. तुमच्या बेडरूममध्ये रोज रात्री एसी चालला तर तोच १० च्या आसपास उतरू शकतो. एवढ्या फरकाने ४ इंची डोंगरवाली पट्टी साधारण एक मिलिमीटरने आकसते, सरळ रेषांची त्याच्या निम्म्याने. म्हणून काही सांधे उघडतात, काही नाही, आणि उघडलेला सांधा काळी रेघ होऊन दिसतो. तेव्हाही फोन येतो, "पट्ट्या वेगळ्या लागल्यात." पट्ट्या त्याच असतात, ओलावा बदललेला असतो.

आणि प्रकाश. पाचपाखाडीत एका घरी काम संपत आलं होतं. बाईंनी खिडकीजवळच्या एका पट्टीवर बोट ठेवलं, "ही काळपट आहे, बदला." पट्टी अजून चिकटवली नव्हती. मी ती उचलली, दुसरी आणायला जातो असं दाखवलं आणि तीच पट्टी टोक फिरवून त्याच जागी परत ठेवली. बाई म्हणाल्या, "बघा, आता कशी उजळ आली." मी खरं सांगितलं तेव्हा त्यांना राग आला, मग हसू. पैठणीचा धूप-छांव पदर जसा इकडून एक रंग आणि तिकडून दुसरा दाखवतो, तसंच हे आहे. लाकडाचे तंतू पृष्ठभागाला अगदी समांतर नसतात, थोडे आत बुडतात किंवा वर येतात. प्रकाश त्यांच्या टोकांवर पडला तर पट्टी गडद दिसते, अंगावर पडला तर उजळ. तुमच्याकडच्या 'गडद' पट्ट्यांपैकी काही नुसत्या फिरवून फिकट होतील, आजच करून बघा. दुकानातल्या पिवळ्या फोकस दिव्याखाली सगळंच सोनेरी दिसतं हेही लक्षात असू द्या. घरी पांढरा एलईडी असेल तर तेच लाकूड करड्याकडे झुकेल. येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं की पुन्हा तिसराच रंग.

कालांतराने होणारा बदल वेगळा. ताजा फाडलेला साग बऱ्याचदा हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा, मळकट दिसतो. हवा आणि उजेड लागला की काही दिवसांत ते डाग विरतात आणि सोनेरी तपकिरी रंग वर येतो. ज्या पट्ट्या गठ्ठ्यात आत दबल्या होत्या त्या हिरवट, ज्या वर होत्या त्या सोनेरी, इतकं साधं ते असतं. प्रत्येक लाकडाची रीत वेगळी आहे. अक्रोडाचं लाकूड उजेडात फिकं होत जातं, चेरी आणि जटोबा गडद होतात. नेरुळला एका बेडरूममध्ये मी जटोबा घातलं होतं, 'ब्राझिलियन चेरी' म्हणतात ते. दीड वर्षाने त्यांनी पलंग हलवला आणि खाली पलंगाच्या मापाचा फिकट चौकोन सापडला. मला बोलावून घेतलं, मी बघितलं आणि पलंग त्याच जागी परत ठेवा म्हणालो नाही, एवढं शहाणपण होतं. पडदे उघडे ठेवायला सांगितलं. काही महिन्यांत चौकोन बराच विरला. तुम्हीही पहिले सहा महिने गालिचा एकाच जागी पसरून ठेवू नका.

गावच्या घराच्या सागवानाबद्दल वडील चुकत नाहीत, फक्त तुलना बरोबरीची नाही. ते लाकूड जंगलातल्या मोठ्या जुन्या झाडांचं, पांढरा भाग तासून टाकलेला, आणि त्यावर कित्येक वर्षांचं जवसाचं तेल, चुलीचा धूर आणि माणसांच्या हातांची चमक. शंभर वर्षांनी एकसारखं झालेलं लाकूड पहिल्या दिवशी कसं होतं हे बघितलेलं कुणी हयात नाही. नौपाड्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या जिन्याच्या पायऱ्या आम्ही घासायला घेतल्या होत्या. वरचा काळपट थर निघाला आणि खाली एक पायरी पिवळी, एक तांबूस, एकीवर कोळशासारख्या रेघा. मालक घाबरले होते.

आता तुमच्या मालात मी कशावर अडून बसेन ते सांगतो. पांढऱ्या पट्ट्यांबद्दल तुमच्या पावतीवर किंवा कोटेशनवर काय लिहिलंय ते बघा. 'सॅप-फ्री' किंवा 'ए ग्रेड' असं काही लिहून दिलं असेल तर कडेला पांढरं आलेल्या पट्ट्या बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काहीच लिहिलं नसेल तर वाद घालता येईल, पण बाजू कमकुवत. पांढऱ्या भागात गाभ्यासारखा टिकाऊपणा नसतो, पावडर पाडणारा भुंगा तिथेच शिरतो. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती पट्टी घरातच ठेवू नका, दाराबाहेर काढा. नखाने दाबून मऊ लागणारं लाकूड, टोकापासून आत गेलेली चीर, दोन पट्ट्या शेजारी धरल्यावर जाडीत बोटाला जाणवेल असा फरक, एका पट्टीच्या कडेची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत नीट न बसणं, हे सगळं परत करण्याजोगं. ओलावा मोजायचं मीटर कंत्राटदाराकडे असायला हवं. नसेल तर मला त्याच्या बाकीच्या हत्यारांचीही शंका येईल. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या पंधरा-वीस पट्ट्या मोजा. १२ टक्क्यांच्या आसपास असतील तर ठीक. १८-२० दाखवत असेल तर रंगाची चर्चा बंद करा आणि माल परत पाठवा, कारण तो लागल्यावर आकसणारच.

रंग, रेषा, गाठी आणि काळ्या रेघांवरून मात्र मी माल परत पाठवणार नाही. ग्रेड या शब्दाचा घोटाळा इथेच होतो. फ्लोरिंगमधली ग्रेड मुख्यतः दिसण्याची प्रतवारी असते: किती गाठी, किती पांढरं, किती रंगभेद चालेल. खालच्या ग्रेडची पट्टी आपोआप कमी टिकते असं नाही. युरोपातले लोक गाठी-भेगांचा ओक 'रस्टिक' म्हणून हौसेने घालतात आणि आपण त्याला रद्दी म्हणतो.

एक डाग मात्र नैसर्गिक नसतो. पट्ट्या आणून ठेवलेल्या खोलीत कुणी ग्रिलचं वेल्डिंग-ग्राइंडिंग केलं आणि लोखंडाचा चुरा ओलसर लाकडावर पडला, तर निळे-काळे ठिपके उमटतात. ओकवर तर हमखास, कारण त्यातलं टॅनिन लोखंडाशी लगेच रंग धरतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने ते बरेचसे निघतात. तुमच्या काळ्या रेघा लांबीच्या दिशेने वाहत असतील तर त्या झाडाच्या, वाटाण्याएवढे ठिपके असतील तर वेल्डरच्या.

मालापेक्षा मांडणी जास्त महत्त्वाची, हे मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत खारघरला एका घरात ओकच्या लॉकवाल्या, म्हणजे न चिकटवता एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या बसवत होतो. माझ्या पोरांनी एक बॉक्स उघडला, संपवला, दुसरा उघडला. मी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर. संध्याकाळी येऊन बघतो तर खिडकीपासून दारापर्यंत तीन रंगांचे तीन पट्टे, झेंडा फडकवायचाच बाकी. मालक काही बोलले नाहीत, नुसते दारात उभे राहिले, तेच जास्त लागलं. लॉकवाल्या असल्यामुळे उचकटता आल्या. दोन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून माझ्या साइटवर सगळे बॉक्स पहिल्या दिवशी उघडतात.

तुम्हीही कंत्राटदाराला एक दिवस मागा. सगळ्या पट्ट्या हॉलमध्ये उघडून फिकट, मधल्या आणि गडद असे तीन ढीग करायचे, हिरवट पट्ट्यांचा चौथा. मग चिकटवण्याआधी नुसत्या मांडून बघायच्या. तीनही ढिगांतून सारख्या प्रमाणात उचलायच्या, दोन गडद शेजारी नकोत, डोंगरवाल्यांच्या मध्ये सरळ रेषांच्या घालायच्या, शेजारच्या ओळींतले आडवे सांधे निदान ८ इंच मागेपुढे ठेवायचे म्हणजे जिना दिसत नाही. दिसायला सर्वांत विचित्र पट्ट्या सोफा, कपाट आणि पलंगाखाली. काळ्या रेघांच्या पट्ट्या एकट्यादुकट्या मोकळ्या जागेत येऊ द्या. मांडून झालं की दारात उभं राहून फोटो काढा आणि तो फोनमध्ये काळा-पांढरा करून बघा. रंग नाहीसा झाला की कुठे गडदांचा पुंजका झालाय ते लगेच डोळ्यात भरतं. तसंच रात्रभर ठेवून सकाळच्या उजेडात पुन्हा एकदा बघा. कुरकुर करेल कंत्राटदार, करू दे.

पट्ट्या एकूण क्षेत्रफळापेक्षा दहाएक टक्के जास्तच लागतात, कापाकापीत आणि अशा निवडीत जातात. नंतर कमी पडल्या तर आलेला नवा लॉट या लॉटशी जुळेलच असं नाही, म्हणून दहा-बारा पट्ट्या माळ्यावर ठेवून द्या.

पॉलिशवाला म्हणेल, "काळजी नको, डाय मारून सगळं एक रंग करून देतो." मी करणार नाही. सागाची मोठी भोकं रंग जास्त पितात, त्यामुळे डोंगरवाल्या पट्ट्या आणखी उठून दिसतात आणि फरक झाकायला रंग इतका जाड करावा लागतो की खाली साग आहे की रबरवुडसारखं साधं लाकूड हे कळत नाही. त्यापेक्षा लॅमिनेट स्वस्त पडलं असतं. नुसता पारदर्शक कोट लावला तर फरक कमी होणार नाही, उलट थोडा वाढेल, हेही आधीच माहीत असू द्या. कोरड्या पट्टीवर ओलं फडकं फिरवा, पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच. पाण्यातलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, रंग जवळपास आहे तसा ठेवतं, तेलातलं मधासारखी पिवळी झाक देतं आणि त्या झाकेखाली पट्ट्या थोड्या जवळ येतात. तुमच्या बाबतीत मी तेलातलंच सुचवेन. सागाच्या तेलकटपणामुळे कोट कधी कधी वाळत नाही, म्हणून आधी थिनरने पुसून घ्यायला सांगा. आणि घासाई मधे मोठ्या मशीनने आणि कडेला हाताने होते, दोन्हीकडे शेवटचा सँडपेपर एकाच नंबरचा असू द्या. नाहीतर भिंतीलगत सहा इंचांची वेगळ्या छटेची चौकट उमटते आणि तिचा दोष पुन्हा बिचाऱ्या लाकडावर येतो.

हिरवट पट्ट्यांचा निकाल तुम्ही घरीच लावू शकता. त्यातली एक घ्या, तिचा अर्धा भाग वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि जिथे ऊन येतं पण पाऊस लागत नाही अशा खिडकीत आठवडाभर ठेवा. पुढच्या रविवारी वर्तमानपत्र वडिलांना काढायला सांगा.